न दुखणारी जखम
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी वर्गात मराठी आणि इतिहास शिकवितो. तेव्हा आज मी पायाच्या जखमेवर बोलणार हे ऐकून काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही आणि कोणाला औषध सांगण्याचा माझा अधिकारही नाही. पण शाळेच्या हजेरीपटावरून एखादे नाव कमी होते, तेव्हा त्याचे कारण शोधणे हे शिक्षकाचे काम आहे. ते शोधताना मी जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपणापुढे मांडतो.

माझ्या वर्गातील नववीचा एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर आलाच नाही. मी घरी गेलो. वडील हातगाडीवर फळे विकणारे. अनेक वर्षांपासून मधुमेह. चपलेतून एक खिळा वर आला होता, तो दिवसभर तळव्यात रुतत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. अंथरुणावर डाग दिसला तेव्हा घरच्यांनी पाय पाहिला. हळद आणि तेल लावून कापड बांधले आणि गाडी रोजच्यासारखी चालू राहिली. महिनाभरात बोटे काळी पडली, नंतर घोट्यापर्यंत सूज चढली आणि शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. मुलाची आई मला म्हणाली, "दर्दच नहीं था ना सर, तो दवाखाने में काहे को जाते?" आता ती गाडी तो मुलगा लोटतो. म्हणजे त्या घरातून पाय गेला एक, पण दोन माणसांची वाट बंद झाली.

त्या माउलीच्या एका वाक्यातच आजचा सगळा विषय आहे. आपण दुखण्याला आजार समजतो आणि दुखत नसेल तर बरे आहे असे मानतो. हातापायाच्या बाबतीत हे खरे नाही. वेदना ही आपल्या शरीराची राखणदार आहे. काटा रुतला की आपण पाय उचलतो, लंगडतो आणि त्या जागेवर भार देत नाही. या लंगडण्यामुळेच निम्मी जखम बरी होते. ज्याच्या पायाला वेदनाच कळत नाही, तो त्याच जखमेवर दिवसाला हजारो पावले टाकीत राहतो.

पाय असा बधिर का होतो? आपल्याकडे त्याची दोन मोठी कारणे आहेत. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा मंदावतात. आधी मुंग्या येतात, आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते आणि मग काहीच वाटेनासे होते. त्याच साखरेने रक्तवाहिन्याही अरुंद होतात, त्यामुळे जखम भरण्यास लागणारे रक्त पुरेसे पोचत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. दुसरे कारण कुष्ठरोग. त्याचे जंतू थेट नसांवरच हल्ला करतात.

कुष्ठरोगाचे नाव काढले की आपल्या विदर्भाचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. 1936 मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामच्या आश्रमात महात्मा गांधी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करीत असत. 1946 मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले आणि 1949 मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याला आनंदवन वसविले. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढले होते, त्यांच्या जखमा धुणारे हात या भूमीत निघाले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु जखमा धुऊन बांधल्या तरी त्या पुन्हा पुन्हा का होतात, हे कोडे होते. सगळ्यांची समजूत अशी की रोगच बोटे खातो, मांस सडवितो, त्याला इलाज नाही. तमिळनाडूतील वेल्लोर येथे 1946 पासून काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी या समजुतीला आव्हान दिले. त्यांनी रुग्णांच्या एकेका जखमेचा माग काढला. कोणी गरम भांडे उघड्या हाताने उचलले होते, कोणाच्या चपलेत खडा होता. काहींची बोटे रात्रीतून झिजलेली दिसत. पाळत ठेवल्यावर आढळले की झोपेत उंदीर बोटे कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती! मग घरी जाणाऱ्या रुग्णांना सोबत मांजर देण्याची पद्धत तेथे पडली. ब्रँड यांचा निष्कर्ष सरळ होता. मांस सडके नव्हते. ते इतरांच्या मांसाप्रमाणेच भरून येऊ शकत होते. हरवली होती ती फक्त वेदना. म्हणून वेदनेचे काम माणसाने डोळ्यांनी करावयाचे.

या विचारातून उपचारही बदलले. 1930 च्या दशकात मद्रासकडे डॉ. जोसेफ खान यांनी तळव्याला जखम असलेल्या कुष्ठरुग्णांच्या पायावर प्लास्टर चढवून उपचार केल्याची नोंद आहे. हाड मोडल्यावर घालतात तसे हे प्लास्टर. पण पायाला सर्व बाजूंनी नेमके चिकटून बसणारे. त्यामुळे एका बिंदूवर पडणारा भार साऱ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो आणि जखमेला विसावा मिळतो. ब्रँड यांनी ही पद्धत वापरली आणि 1960 च्या दशकात ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले, तेव्हा ती सोबत नेली. तेथून ती मधुमेहाच्या रुग्णांपर्यंत पोचली. आज तळव्याच्या बधिर जखमेसाठी जगभर हा उपाय उत्तम मानला जातो. भारतातल्या गरिबांतल्या गरीब रुग्णांच्या पायांनी जगाला शिकविलेला हा धडा आहे. मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या ज्या चपला आपल्याकडे एमसीआर चपला म्हणून ओळखल्या जातात, त्याही याच कामातून पुढे आल्या.

परदेशात पायाच्या वैद्यकाला पोडियाट्री म्हणतात आणि तो स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे हे काम बहुधा सर्जन आणि मधुमेहतज्ज्ञ करतात. ते काय करतात हे पालकांनी समजून घ्यावे, म्हणजे भीती जाईल. प्रथम ते नायलॉनचा एक बारीक धागा तळव्यावर टेकवून पाहतात. तो 10 ग्रॅम दाबाला वाकतो. तो स्पर्श कळला नाही तर पायाचा राखणदार झोपला असे समजावे. मग घोट्याजवळची नाडी पाहून रक्त पोचते की नाही हे तपासतात. जखमेभोवतीचा घट्टा आणि मेलेले मांस कापून काढतात, कारण ते राहिले तर खालून पू साठतो. जंतुसंसर्ग असेल तर त्याचे औषध देतात, साखर ताब्यात आणतात आणि जखमेवरचा भार काढतात. हा शेवटचा भाग आपण घरी मोडतो. महागडे मलम लावायचे आणि त्याच पायावर दुकान गाठायचे, याने जखम भरत नाही. जखमेवर काय लावले यापेक्षा जखमेवरून काय काढले हे महत्त्वाचे. आणि भार काढावयाचा म्हणजे पूर्ण काढावयाचा, न्हाणीघरापर्यंतसुद्धा नाही.

आता घरच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, शेकू नका. पाय गार पडला म्हणून गरम पाण्यात बुडविणे, विटेने शेकणे, हे बधिर पायाला घातक आहे. पाणी आधी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी पाहावे.

दुसरी, भोवरी किंवा घट्टा ब्लेडने कापू नका आणि त्यावर बाजारातील जळजळीत पट्ट्या लावू नका. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट यांपैकी काहीही जखमेत भरू नका. स्वच्छ पाण्याने धुवावे, स्वच्छ कापडाने झाकावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लाली वर चढत असेल, दुर्गंध येत असेल, बोट काळे पडत असेल किंवा ताप असेल तर सकाळचीही वाट पाहू नये.

तिसरी, अनवाणी चालू नका. नागपूरचा उन्हाळा आपण जाणतो. पारा 45 अंशांवर जातो तेव्हा फरशी तव्यासारखी तापते. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या अंगणात, हजच्या प्रवासात, बधिर पायाला फोड येईपर्यंत काही कळत नाही. तेथे मोजे घालावेत, सावलीतून चालावे. चप्पल घालण्यापूर्वी झटकावी, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा.

चौथी गोष्ट खास आपल्यासाठी आहे. दिवसातून पाच वेळा आपण वजू करतो. पायाच्या बोटांतून करंगळी फिरविण्याची आपली रीत आहे. एवढ्या वेळा पाय हाती घेणाऱ्या माणसाची जखम लपून राहावयास नको! पाणी घालून उठण्याची घाई करू नका. एका वेळी तरी उजेडात तळवा पाहा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, कारण ओलीमुळे तेथे चिखल्या होतात. आणि जखमेवर पट्टी असेल तर प्रत्येक नमाजसाठी ती सोडून जखम भिजवू नका. भिजल्याने अपाय होत असेल तर पट्टीवर ओला हात फिरविण्याची, म्हणजे मसह करण्याची, सवलत दीनने दिली आहे. शंका असेल तर इमामसाहेबांना विचारा.

पाचवी, तंबाखू. बिडी-सिगारेटने पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्या शहराचा लाडका खर्राही निर्दोष नाही. एका बाजूने औषध आणि दुसऱ्या बाजूने पुडी, अशी जखम भरत नाही.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल तर तो लपवू नका. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्येच दाखविले आहे. तो शाप नाही आणि आनुवंशिकही नाही. बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वेळेवर औषध घेतले तर नसा वाचतात, नसा वाचल्या तर पाय वाचतो. लग्न जमणार नाही या भीतीने मुलीचा चट्टा झाकणारे आईबाप तिचे हातपाय गमावून बसतात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक गृहपाठ देतो. ज्यांच्या घरी दादा-दादी, नाना-नानी, अब्बा किंवा अम्मी यांना मधुमेह आहे, त्यांनी रोज रात्री दोन मिनिटे त्यांचे तळवे पाहावेत. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही. कंबर वाकत नाही, नजर पोचत नाही. तुमचे डोळे तरुण आहेत. फोड, भेग, लाली, ओल, रुतलेला काटा, जे दिसेल ते सांगा. याला पैसा लागत नाही आणि मार्कही मिळत नाहीत. आणि ज्यांना पुढे शिकावयाचे आहे त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की डॉक्टर होणे हा एकच मार्ग नाही. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम अवयव आणि आधारसाधने बनविणारे तंत्रज्ञ यांचीही गरज आहे. मुंबईला हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत अशा तंत्रज्ञांचे शिक्षण मिळते. चांगली चप्पल बनविणारा कारागीरसुद्धा येथे वैद्याच्या बरोबरीने पाय वाचवितो.

पालकहो, आपण फी भरतो, वह्या-पुस्तके घेतो, शिकवणी लावतो. पण कमावत्या माणसाचा पाय जातो तेव्हा पहिला घाव मुलाच्या शाळेवर पडतो. म्हणून पायाची निगा हा मुलाच्या शिक्षणाचाच एक भाग समजा. दुखण्याची वाट पाहू नका, कारण जी जखम पाय घेऊन जाते ती बहुधा दुखतच नाही.