पडदा काळा, पण हिशेब शाबूत

पावसाळ्यात गटाचा कॉम्प्युटर लावला की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, आतून टूं-टूं आवाज येतो. अशा वेळी आम्ही प्लग काढतो आणि चालूचे बटण दाबून उरलेली वीज घालवतो. सीपीयूचे झाकण उघडून रॅमची पट्टी काढतो, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसतो, कचरा झटकतो आणि ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवतो. पुष्कळदा एवढ्यावर भागते. नाही भागले, तर दुरुस्तीवाल्याला आधीच बजावा : फॉरमॅट करू नका. गटाचा हिशेब रॅममध्ये नसतो, हार्डडिस्कमध्ये असतो. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात शॉक बसेल एवढी वीज राहते.