स्मरणचित्र
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आत्ता माझी ओळख 'निसर्गचित्रकार' अशी करून दिली. खरं सांगायचं तर नोकरी बँकेतली आणि चित्रं रविवारची. पण सुरुवात इथली, पडेगावची.

एलिमेंटरीला 'स्मरणचित्र' असायचं, आठवतं? त्याच्या सरावाला आपण सगळ्यांनी एकच देखावा काढला होता. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. आपल्या चित्रकलेच्या सरांनी विचारलं, "हे डोंगर कुणी पाहिलेत का रे?" वर्ग गप्प.

पुढच्या रविवारी सरांनी आम्हा सात-आठ जणांना सायकलींवर दौलताबादला नेलं. मिटमिटा, शरणापूर फाटा, पुढे किल्ला. वाटेत दाखवलं, आपल्याकडचे डोंगर टोकदार नसतात. काळ्या दगडाचे थर एकावर एक, म्हणून माथा सपाट आणि अंगावर पायऱ्या. देवगिरी तेवढा वेगळा : वर निमुळता, खाली चहूबाजूंनी उभा तासलेला. अर्धा तास नुसतं बघायला लावलं. कागद दिला दुसऱ्या दिवशी, वर्गात. म्हणाले, "जे डोक्यात उरलंय तेवढंच काढा."

मी आजही तसंच करतो. प्रवासात बघतो, घरी येऊन काढतो. आकाश, उजेड, एखादी बैलगाडी मनानं घालतो. पण जमिनीचा आकार मनानं घातला की हात परत त्या त्रिकोणी डोंगरांकडे वळतो.

पुढे एक गोष्ट वाचनात आली. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकारानं वेरूळची लेणी रेखाटली आणि १७९५ साली तो वारला. त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं २४ चित्रांचा संच केला. तो १८०३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. एकानं पाहिलेलं दुसऱ्यानं पूर्ण केलं.

हे सांगण्याचं कारण आहे. वर्षभर मी शाळेच्या मागचं जुनं पडेगाव काढतोय. आता तिथं घरं झाली, जाऊन बघायची सोय नाही. उजवीकडची पायवाट, बांध, सगळं जमलं. डाव्या बाजूला मात्र काही आठवत नाही. एका मित्राला फोन केला, तो म्हणाला चिंच होती. दुसरा म्हणाला, चिंच कसली, लिंब होता, शेजारी विहीर. कल्पनेनं भरता आलं असतं. मी ती जागा कोरी ठेवली आहे.

चित्र मागच्या टेबलावर आहे, शेजारी पेन्सिली. चहाच्या वेळी या, आठवेल ते काढा. भांडणं झाली तरी चालतील.

आणि सर, तुम्हाला आता नीट दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही शेजारी बसा आणि सांगा, मी काढतो. तेव्हा तुम्ही आम्हाला बघायला शिकवलंत. आज तुमच्या डोक्यात जे उरलंय, ते आम्हाला हवं आहे.