खाडीतली न ठरलेली रेघ



तुमच्यापैकी डहाणू-तलासरीकडून आलेल्या स्नातकांना हे ठाऊक असेल. तिथले आदिवासी तरुण हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट मासळीमागे जाता जाता पाकिस्तानी यंत्रणेच्या हाती लागते आणि पोरगा कराचीच्या मलीर तुरुंगात पोचतो. तिकडचे सिंधी मच्छीमार असेच आपल्या तुरुंगात येतात. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. तेवढं मात्र २००८च्या करारापासून चालू आहे.

समुद्रात सीमेची रेघ दिसत नाही, पण इथे ती दोघांनी मान्य केलेल्या नकाशावरही नाही. कच्छ आणि सिंध यांच्यामधली सर क्रीक ही ९६ किलोमीटरची चिखलाची खाडी. १९१४ साली मुंबई सरकारनं (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता) एक ठराव केला. त्यातल्या एका परिच्छेदाच्या आधारे पाकिस्तान खाडीचा पूर्व काठ सीमा मानतो. लगतच्या परिच्छेदावर बोट ठेवून भारत प्रवाहाचा मध्य सांगतो. आपल्याच मुंबईतल्या कुणाच्या तरी मसुद्यानं केवढं रामायण घडवलं! ही रेघ जिथे संपेल तिथून समुद्रातली सीमा सुरू होते, म्हणून कुणी मागे हटत नाही. २००७ साली संयुक्त सर्वेक्षण झालं. २०१२च्या फेरीनंतर बोलणी पुढे सरकली नाहीत.

हा वाद दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेतही मांडता येत नाही: तिच्या १९८५च्या सनदेनं असे द्विपक्षीय वाद चर्चेबाहेर ठेवले आणि निर्णय एकमतानं घ्यायचे ठरवले. म्हणजे वादावर बोलायचं नाही, पण वादापायी कुणीही सगळ्यांना अडवू शकतो. २०१४ला सार्कच्या काठमांडू परिषदेत वाहनवाहतुकीचा करार पाकिस्ताननं अडवला. २०१६ साली उरीच्या हल्ल्यानंतर भारतानं सार्कच्या इस्लामाबाद परिषदेला जायला नकार दिला. त्यानंतर शिखर परिषद नाहीच. दक्षिण आशियाचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास, आसियानचा वीस टक्क्यांच्या वर.

पूर्वेकडे मात्र २०१४ साली हेगच्या लवादानं भारत-बांगलादेश यांच्यातल्या वादात बंगालच्या उपसागरातल्या वादग्रस्त २५,६०० चौरस किलोमीटरपैकी सुमारे १९,५०० बांगलादेशला दिले आणि भारतानं ते मानलं. मला तो पराभव वाटत नाही. पुढच्याच वर्षी १६२ छिटमहलांचा (एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या भूभागांचा) प्रश्न मिटला, किनारी जहाजवाहतुकीचा करार झाला. रेघ ठरली की मैत्री टिकतेच असं नाही. २०२५मध्ये आपण बांगलादेशी तयार कपड्यांना भूमार्ग बंद केला. पण तो एका आदेशानं बंद झाला, एका आदेशानं उघडेल. सर क्रीकचं तसं नाही.

काश्मीरचा प्रश्न लवकर सुटणार नाही. म्हणून सुरुवात या खाडीपासून व्हावी, असं माझं मत आहे: तिथे वस्ती नाही, सर्वेक्षण झालेलं आहे. आणि चुकून पलीकडे गेलेल्या खलाशाला अटक न करता माघारी धाडायचं ठरवायला तर रेघेचीही वाट पाहावी लागत नाही.