भुंग्याला मारू नका



मांगराच्या वाशाला भोक पाडणारा काळा भुंगा आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या अंगावर बारीक किडे दिसले, की 'रोग येईल' म्हणून काहीजणी भोकात रॉकेल ओततात. तसं करू नका. ते किडे म्हणजे गोचिडीच्या कुळातले कोळी. काही जातींच्या मादीच्या पोटावर त्यांच्यासाठी खास पिशवीच असते! तिच्यात बसून ते नव्या घरट्यात जातात. आपल्याला चावत नाहीत. भुंग्याची मादीही हातात पकडली तरच डंख मारते.

उलट भुंगा वांग्याच्या फुलाला धरून गुणगुणतो, तेव्हा पराग झडतात आणि फळ चांगलं धरतं. म्हणून वाशाला रंग लावा आणि परड्यात एखादं सुकं लाकूड त्याच्यासाठी ठेवा. वाशेही टिकतील, वांगीही मिळतील.