गावचा कारभार : एक अभ्यासविषय



मृग लागला की पाऊस किती पडला हे आपण रोज पाहतो. पण सरकारने आपल्यासाठी जे योजले, त्यातले दारापर्यंत किती पोचले, याचे मोजमाप कोण ठेवतो? सार्वजनिक धोरणाचा अभ्यास म्हणजे हेच मोजमाप. त्याला कॉलेजच लागते असे नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार घ्या. गाव अवर्षणाच्या टापूतले. श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तेथे पाणलोटाची कामे झाली. पण बांध तर पुष्कळ गावांनी घातले! हिवरे बाजारने पुढे जाऊन पाण्याचा जमाखर्च मांडला. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, पिण्याला किती, गुरांना किती, शेताला किती, हा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि मग पिके ठरवायची. ऊस, केळी नको. शेतीसाठी विंधनविहीर नको. हे वरून हुकूम म्हणून आले असते, तर कितीजणांनी पाळले असते? आकडे सर्वांसमोर होते, म्हणून निर्णय सर्वांचा झाला.

हिशेब पाहायचा तर कागद हाती हवा. त्यासाठी राळेगणसिद्धीचे श्री. अण्णा हजारे यांनी चळवळ केली. २००२ चा राज्याचा आणि २००५ चा केंद्राचा माहिती अधिकार कायदा आला. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदतीही घातल्या. तेव्हा अर्जाची पोच मागून घ्या. मुदत टळली तर अपील करता येते.

आता प्रतिनिधित्वाचे पाहू. २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. पण खुर्चीवर बाई आणि बोलणार यजमान, तर ती जागा भरूनही रिकामीच! ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे. ती होते का? तिथले ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात येतात का? वस्तीवरची, पालावरची माणसे सभेला असतात का?

गुरुजी, बाई, हा नागरिकशास्त्राचा पाठ वर्गाबाहेरही घेता येईल. मुलांना एकच दाखला निवडू द्या. मुदत किती, प्रत्यक्ष दिवस किती लागले, कोणत्या वस्तीला जास्त लागले, एवढे घरोघर विचारून तक्ता करू द्या आणि तो ग्रामसभेपुढे ठेवा. एका घराच्या बोलण्याला गाऱ्हाणे म्हणून बाजूला सारता येते. पन्नास घरांची नोंद तशी सारता येत नाही.