भिंतीवरचा माणूस
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही विहाराची भिंत रंगवत होतो तेव्हा अनेकांनी विचारलं, "बुद्ध एवढे मोठे आणि यशोधरा-राहुल एवढेसे का? माप चुकलं काय?" आज त्याचं उत्तर देतो.

मूळ प्रसंग अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आहे. पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला. बुद्ध कपिलवस्तूला आलेत, हातात भिक्षापात्र आहे. यशोधरा राहुलला पुढे करते. पोर बापाकडे वारसा मागतं. तिथंही मायलेकरं लहान आणि बुद्ध भव्य आहेत.

आम्ही पहिल्यांदा तिघांना सारख्या मापात काढलं. चित्र लग्नाच्या फोटोसारखं दिसायला लागलं! नजर यशोधरेच्या दागिन्यांवरच अडकायची. शेवटी पुसून टाकलं, जमिनीवर बसलो आणि भिंतीकडे वर पाहिलं. तेव्हा उमगलं, की अजिंठ्याच्या चित्रकारानं बाप लेकराच्या नजरेनं पाहिलाय.

माणूस काढताना आम्ही चेहरा शेवटी घेतो. आधी भार कोणत्या पायावर, खांदा कुठं कलला, मान कुणाकडे वळली ते ठरवतो. मग हात, मग डोळे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा. कमरेतला बाक, कललेली मान, खाली झुकलेली नजर. करुणा सगळ्या अंगात उतरली आहे. सोळाव्या लेण्यातल्या त्या मरणासन्न राजकन्येचं दुःखही झुकलेल्या मानेतून आणि गळून गेलेल्या अंगातूनच कळतं.

पण मोठं काढता काढता देव होऊन बसायची भीती असते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हे स्पष्ट आहे. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हीच त्यांची शिकवण. म्हणून आम्ही चमत्काराचे किरण काढले नाहीत. साधं चीवर काढलं आणि पात्र धरलेला हात लेकराच्या दिशेनं पुढे आणला.

त्या बापाजवळ द्यायला राज्य नव्हतं, धम्म होता. तोच वारसा राहुलला मिळाला. आपणही आपल्या लेकरांना घर, जागा, पैसा देऊ तेवढा देऊ. पण हा वारसा द्यायचा राहू नये. पुढच्या वेळी विहारात याल तेव्हा लेकराला त्या भिंतीपुढं उभं करा आणि विचारा, "राहुल कुणाकडे बघतोय?" त्याचं उत्तर ऐकायला आम्हालाही आवडेल.

नमो बुद्धाय! जयभीम!