निर्वासित, शरणार्थी, घुसखोर

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषण, थोडे संपादित करून.)



सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. २०१७च्या ऑगस्टअखेरीस म्यानमारच्या राखाईन प्रांतात लष्कराने रोहिंग्यांवर कारवाई सुरू केली आणि काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळून आली. त्या दिवसांत मी रोज फोटो शेअर करायचे. त्यातला एक फोटो भलत्याच देशातल्या, भलत्याच दुर्घटनेचा होता. माझ्या मामेभावाने दुसऱ्याच दिवशी मेसेज केला, "आपा, हा फोटो रोहिंग्यांचा नाही." मी उत्तर दिलं, "पण अत्याचार तर खरा आहे ना?" आणि फोटो तसाच ठेवला. त्याच सुमारास तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानांनीही असेच चुकीचे फोटो टाकले होते. त्यांनी ते निदान काढून तरी टाकले. मी तेवढंही केलं नाही.

आता २०२२ घ्या. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ४ मार्चला युरोपियन युनियनने तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा लागू केला. लाखो युक्रेनियनांना राहण्याचा, काम करण्याचा आणि मुलांना शाळेत घालण्याचा हक्क मिळाला. हा कायदा २००१चा. २०१५ मध्ये सीरियातून लोक आले तेव्हाही तो होता, पण तेव्हा कोणी वापरला नाही. युक्रेनच्या युद्धाआधी काही महिने पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात इराकी, सीरियन आणि अफगाण कुटुंबं थंडीत अडकली होती आणि त्यांना मागे ढकललं जात होतं. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात एक अमेरिकन वार्ताहर कीव्हमधून म्हणाला की हे काही इराक, अफगाणिस्तान नाही, हे जरा सुसंस्कृत शहर आहे. नंतर त्याने माफी मागितली.

हा भेदभाव खरा होता आणि त्यावर बोलणं बरोबरच होतं. पण मी त्या आठवड्यात काय लिहिलं? एका युक्रेनियन बाईच्या फोटोखाली लिहिलं, "आता कळलं का?" कडेवर मूल, हातात एक पिशवी, स्टेशनवर उभी असलेली बाई. तिने इराकवर बॉम्ब टाकला होता का? युरोपच्या सरकारांना विचारायचा प्रश्न मी तिला विचारला.

आपल्या भाषेकडेही बघा. घर सोडून आलेल्या माणसासाठी आपण तीन शब्द वापरतो. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत आली, तिचंच पुढे उल्हासनगर झालं. ते 'निर्वासित'. १९५९ नंतर आलेले तिबेटी 'शरणार्थी'. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आले, तेव्हा साध्या पत्रावरही पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, त्यांच्या मदतीसाठी. तेही शरणार्थीच. आणि रोहिंग्या? 'घुसखोर'. शब्द ठरला की पुढचं सगळं ठरतं.

भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोणाला आसरा द्यायचा हे बरंचसं सरकारच्या मर्जीवर आणि लोकांच्या मूडवर अवलंबून राहतं. १७ ऑगस्ट २०२२ आठवतो? सकाळी एका केंद्रीय मंत्र्यांनी ट्वीट केलं की दिल्लीतल्या रोहिंग्यांना बक्करवाला इथे फ्लॅट दिले जातील. सोशल मीडियावर गदारोळ झाला. त्याच दिवशी गृह मंत्रालयाने असा कोणताही आदेश दिला नसल्याचा खुलासा केला. म्हणून कमेंटला किरकोळ समजू नका. म्यानमारमध्ये तर फेसबुकवरून रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरला, हे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ मध्ये सांगितलं आणि आपण तो रोखायला पुरेसं केलं नाही, हे कंपनीनेही मान्य केलं.

मला माहीत आहे, तुमच्यापैकी अनेकांना रोहिंग्यांवर लिहायची भीती वाटते. लिहिलं की लोक तुम्हालाच बांगलादेशी ठरवतात. ही भीती खोटी नाही. प्रत्येकाने लिहिलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण जे लिहू ते कोणाकोणासाठी लिहितो, हे तपासायला भीती आड येत नाही.

मी माझी जुनी टाइमलाइन तपासली. पॅलेस्टाईन होतं, सीरिया होता, रोहिंग्या होते. १९९०मध्ये खोरं सोडावं लागलेल्या काश्मिरी पंडितांवर एक ओळ नव्हती. मार्च २०२०मध्ये काबूलच्या गुरुद्वारावर हल्ला झाला, शीख कुटुंबं देश सोडू लागली, त्यावर काही नाही. हे एक वेळ समजू शकतं, कोणी म्हणेल 'आपल्यां'बद्दल जास्त वाटतं. पण २०२३च्या शरदात पाकिस्तानने लाखो अफगाणांना परत पाठवायला सुरुवात केली, त्यावरही मी गप्प. जून २०२४ अखेरीस तुर्कस्तानातल्या कायसेरीत जमावाने सीरियन लोकांची दुकानं फोडली, जाळली. तेव्हाही गप्प. तेही 'आपलेच' होते ना? मग मला कळलं की मी निर्वासितांसाठी लिहितच नव्हते. ज्यांच्या दुःखातून मला एखाद्या विरोधकाला सुनावता येतं, त्यांच्यासाठीच लिहीत होते.

आपल्याला तर हिजरतची गोष्ट लहानपणापासून सांगितली जाते. मक्केतला छळ सोसून पहिले मुसलमान मदिनेच्याही आधी हबशाला गेले. तिथल्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मक्केवाले मागत असतानाही त्यांना परत दिलं नाही. आपला पहिला आसरा परधर्मीयाच्या घरचा होता.

म्हणून आता मी दोन साध्या गोष्टी करते. फोटो शेअर करण्याआधी तो कुठला, कधीचा हे शोधते. आणि पोस्टमधलं समाजाचं नाव बदलून ती पुन्हा वाचते. रोहिंग्याच्या जागी पंडित, युक्रेनियनच्या जागी अफगाण. नाव बदलल्यावर माझं मत बदलत असेल, तर पोस्ट करत नाही.

आणि तो २०१७चा फोटो? गेल्या वर्षी फेसबुकने 'आठवण' म्हणून पुन्हा समोर आणला. मी तो काढला आणि काय चुकलं ते लिहिलं. फारसं कोणी वाचलं नाही. मामेभावाने मात्र वाचलं. त्याचा मेसेज आला, "सात वर्षं लागली, आपा."